ता. क. मधली आत्या

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"डॉक्टरबाई, नमस्कार. बाबा ६२ वर्षांचे. खाणी चालू होत्या तोवर खनिजाच्या ट्रकवर होते, नंतर घरीच. दीड वर्ष शौचाला रक्त जात होतं. मूळव्याध म्हणून कुणाकडून तरी पूड आणून घेतली. थांबायचं, परत सुरू व्हायचं. गणेश चवथीनंतर चक्कर येऊन पडले तेव्हा हिमोग्लोबिन ७ वर आलेलं. दुर्बीण घातली तर गुदाशयात गाठ, तुकड्याचा (बायोप्सीचा) रिपोर्ट कॅन्सरचा. लिव्हर आणि फुप्फुसं साफ आहेत म्हणतात. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आधी शेक म्हणजे रेडिएशन, मग किमो, मग ऑपरेशन असं सांगितलंय. शौचासाठी पोटावर पिशवी लागू शकेल म्हणाले. दुसऱ्या मतासाठी मुंबईला गेलो तर तिथं 'एक अभ्यास चालू आहे, विचार करा' म्हणून फॉर्म दिला. आई म्हणते, आपल्या माणसावर प्रयोग नकोत. थोरले काका म्हणतात, देवाचा कौल घेतल्याशिवाय सही नाही. दुबईच्या भावानं बातमी पाठवलीय की एका इंजेक्शनानं सगळेच्या सगळे रुग्ण ऑपरेशनशिवाय बरे झाले. ते आपल्याकडे का देत नाहीत? बाबा रोज सकाळी गुळवेलीचा रस घेतात, तो चालेल का? बाबा स्वतः काहीच बोलत नाहीत. मुलीसारखं समजावून सांगा.
साखळीहून एक वाचक, वय ३४
ता. क. बाबांची धाकटी बहीण ४६ व्या वर्षी पिशवीच्या (गर्भाशयाच्या) कॅन्सरनं गेली. आमच्या घराला दृष्टच लागलीय असं आई म्हणते."

बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा इंजेक्शनपाशी अडखळले, दुसऱ्यांदा ता. क. पाशी. शेवटी जाता जाता लिहिलेली ती ओळ खरं तर पत्रात सगळ्यात वर हवी होती. बाबांच्या केसपेपरवरही हवी होती. 'घरात कुणाला कॅन्सर होता का?' असं डॉक्टरांनी विचारलं असेलच. तेव्हा तुम्ही काय सांगितलं? माझ्या ओपीडीत या प्रश्नाला तीस वर्षं एकच उत्तर यायचं: "नाही हो, पोटाचा कुणालाच नव्हता." आत्याचा बायकांचा आजार, बाबांचा शौचाच्या जागेचा, त्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. पण संबंध असू शकतो.

१८९५ मधली गोष्ट. अमेरिकेत मिशिगनला ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांच्या ओळखीची, कपडे शिवणारी एक बाई त्यांना म्हणाली की आमच्या घरातली माणसं पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. वॉर्थिननी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. घराण्याची वंशवेल कागदावर मांडली आणि १९१३ मध्ये छापली. ती बाई पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनंच गेली. नंतर हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा पिच्छा पुरवला, म्हणून या प्रकाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. तुझी आई ज्याला दृष्ट म्हणते, त्यातल्या काही दृष्टी अशा रक्तातून येतात. तुमच्या घरात तसंच आहे असं मी म्हणत नाही. तपासायला हवं, इतकंच म्हणते.

त्यासाठी आधी एक गोष्ट शोधून काढ. 'पिशवीचा कॅन्सर' हा शब्द आपल्याकडे दोन वेगळ्या आजारांना एकच वापरतात. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्याचा बाबांच्या गाठीशी संबंध नाही. पिशवीच्या आतल्या अस्तराचा असेल तर मात्र ४६ हे वय कमी आहे आणि संशयाला जागा आहे. आत्याच्या घरी जुनी फाईल असेल. अशा फायली आपल्याकडे कपाटावर बॅगेत असतात, कुणी टाकत नाही. ती बघ.

आता इंजेक्शन. भावानं पाठवलेली बातमी खोटी नाही, अर्धी आहे. औषधाचं नाव डोस्टारलिमॅब. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरनं जून २०२२ मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरच्या १२ रुग्णांचे निकाल जाहीर केले. दर तीन आठवड्यांनी एक, असं सहा महिने औषध दिलं. बाराच्या बारा जणांची गाठ दिसेनाशी झाली. शेक नाही, ऑपरेशन नाही, पिशवी नाही. २०२५ मध्ये तोच आकडा ४९ पैकी ४९ वर गेला. कॅन्सरच्या संशोधनात शंभर टक्के हा आकडा सहसा कुणाच्या वाट्याला येत नाही, म्हणून जगभर गाजावाजा झाला आणि तो रास्त होता.

फॉरवर्ड करताना एक गोष्ट मात्र गळाली. हे सगळे रुग्ण निवडून घेतलेले होते. आपल्या पेशी दुभागतात तेव्हा डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या पकडायला पेशीत काही प्रथिनं असतात, छापखान्यातल्या मुद्रितशोधकासारखी. काही गाठींमध्ये हा मुद्रितशोधकच रजेवर असतो. चुका साचत जातात आणि गाठ इतकी वेडीवाकडी होते की शरीराच्या संरक्षक पेशींना ती परकी म्हणून ओळखू येते. पण गाठीनं त्या पेशींचा ब्रेक दाबून धरलेला असतो. डोस्टारलिमॅब तो ब्रेक सोडवतं, बाकीचं काम शरीर करतं. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी शंभरात पाच ते दहा. उरलेल्या नव्वदेकांना हे औषध एकटं दिलं तर फारसं काही होत नाही. म्हणजे बातमी खरी, पण ती बाबांची आहे की नाही हे बाबांच्या गाठीलाच विचारायला हवं.

आणि इथं आत्या परत येते. गुदाशयातल्या गाठीत चुकांची ही दुरुस्ती बिघडलेली सापडली, तर त्यामागे बहुतेकदा लिंच असतो, म्हणजे तो बिघाड घराण्यातून आलेला असतो. म्हणून तुझी ता. क. वाचून मी खुर्चीत सरळ बसले.

हे विचारायची तपासणी मोठी नाही. बाबांच्या तुकड्याचा मेणातला ठोकळा, ज्याला सगळे ब्लॉक म्हणतात, तो पॅथॉलॉजीत जपून ठेवलेला असतो. त्याच्यावर चार मुद्रितशोधक प्रथिनांचे रंग चढवून बघतात: एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२, एमएसएच-६. या दुरुस्तीच्या तपासणीला एमएमआर म्हणतात; डॉक्टरांना नुसतं 'एमएमआर झालंय का?' विचारलंस तरी त्यांना कळेल. खर्च काही हजारांचा, नवा तुकडा काढावा लागत नाही. आधीच झालीही असेल. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात असते आणि आपण पहिल्या पानावरचा 'कॅन्सर' शब्द वाचूनच कागद मिटतो. नसेल झाली तर शेक सुरू होण्याआधी करून घ्या. आधी अशासाठी, की उत्तरावर सगळा बेत बदलू शकतो. एकदा शेक सुरू झाला की मग तो मागे घेता येत नाही.

चारही प्रथिनं जागच्या जागी निघाली, तर निराश होऊ नका आणि इंजेक्शनच्या मागे जमीन विकायला निघू नका. या जातीची औषधं, पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब, आपल्याकडे मिळतात. एकेका डोसचा खर्च लाखाच्या घरातही जाऊ शकतो. लागू नसताना ती देणं म्हणजे दुसऱ्याच्या कुलुपाची किल्ली विकत घेण्यासारखं आहे.

बांबोळीला, गोमेकॉत, सांगितलेला शेक, किमो आणि मग गरजेप्रमाणे ऑपरेशन हा मार्ग जुनाट नाही, तोही संशोधनातूनच आलाय. आणि पिशवी लागेलच असंही आज छातीठोक सांगता येत नाही. ब्राझीलच्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी सगळ्यात आधी हे धाडस केलं. शेक आणि किमोनंतर ज्यांची गाठ पूर्ण विरघळली, त्यांना लगेच कापलं नाही, नजर ठेवली. सुरुवातीला जगभरच्या सर्जननी नाकं मुरडली. पुढे अमेरिकेत ओप्रा नावाचा अभ्यास झाला. त्यात आधी शेक आणि नंतर किमो मिळालेल्या गटात पाच वर्षांनीही निम्म्याहून थोड्या जास्त लोकांचा गुदाशय शाबूत होता. अट एकच, तपासणी चुकवायची नाही. पहिली दोन वर्षं दर तीनचार महिन्यांनी बोटानं आणि दुर्बिणीनं, शिवाय ठरल्या वेळी एमआरआयनं पाहायचं, कारण गाठ परत उगवली तर बहुतेक याच काळात उगवते आणि वेळेत सापडली तर तेव्हा ऑपरेशन करता येतं. थिवीहून कोकणकन्या पकडून दर तीन महिन्यांनी दादर गाठायचं की हे गोव्यातच होईल, हे आत्ताच विचारून ठेवा. पाहत राहू म्हणायचं आणि पुढच्या मिरगापर्यंत फिरकायचंच नाही, असं झालं तर त्यापेक्षा ऑपरेशन बरं.

आता फॉर्म. 'प्रयोग' या शब्दानं आई घाबरली, त्यात तिची चूक नाही. मी स्वतः एका इस्पितळात (नाव नको) पाहिलंय. वीस पानांचा इंग्रजी फॉर्म, खिडकीवर ठेवलेला, शेवटच्या पानावर पेन्सिलीनं केलेली फुली, आणि 'इथं सही करा.' पेडण्याच्या त्या माणसाला आपण कशात सामील होतोय हे माहीत नव्हतं, त्याला वाटलं औषध फुकट मिळण्याचा अर्ज आहे. मी बोलले, वादही झाला. म्हणून हे ठासून लिहिते: रुग्णाला कळेल अशा भाषेतला कागद मागणं हा तुमचा हक्क आहे आणि सही केलेल्या कागदाची प्रत घरी आणणं हाही. २०१९ च्या नियमांप्रमाणे नव्या औषधाच्या चाचणीत सामील झाल्यामुळे काही इजा झाली तर उपचारही त्यांनीच करायचे आणि भरपाईही द्यायची. मधेच नको वाटलं तर कारण न सांगता बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत.

पण आईला हेही सांग, की कॅन्सरच्या अभ्यासात 'कुणाला औषध, कुणाला साखरेची गोळी' असं सहसा नसतं. एका गटाला आजचा सर्वोत्तम प्रस्थापित उपचार मिळतो, दुसऱ्याला त्याच्यापेक्षा सरस ठरेल अशी आशा असलेला. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाही, रुग्णही नाही. थोरल्या काकांना हे आवडेल: तिथंही कौलच लावतात, फक्त देवाच्या मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांऐवजी संगणक असतो. डॉक्टरांच्या हाती निवड दिली तर ते धडधाकट माणसं नव्या औषधाकडे पाठवतील, आणि मग औषध चांगलं होतं की माणसं, हे कधीच कळायचं नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण देते, म्हणजे अभ्यास ही नुसती परदेशी कंपन्यांची भानगड वाटणार नाही. परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी विचारलं, निव्होलुमॅबचा पूर्ण डोस आपल्या लोकांना परवडतच नाही, तर अगदी थोडा देऊन बघितला तर? डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या पुढे गेलेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारासोबत फक्त २० मिलिग्रॅम दिलं. नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. हा प्रश्न न्यूयॉर्कला कुणाला पडला नसता. (आणि हा निकाल तोंडा-घशाचा आहे, बाबांच्या गाठीला तो लावू नका. ज्यांना घेतलं, त्यांच्यापुरतंच अभ्यास बोलतो.)

सही करण्याआधी तिथल्या डॉक्टरांना शांतपणे विचार: या अभ्यासाला नेमकं काय शोधायचंय? आम्ही नाही म्हटलं तर बाबांना काय मिळेल? जास्तीच्या फेऱ्या किती, गाडीभाडं कोण देणार? रात्री दोनला साखळीत ताप चढला तर फोन कुणाला करायचा? आणि सीटीआरआय क्रमांक मागून घे. ही आपल्या देशातली चाचण्यांची सरकारी नोंदवही, २००७ पासून आहे आणि कुणालाही बघता येते. क्रमांक टाकलास की अभ्यास कुणाचा, किती जणांचा, कोणाला घेणार, सगळं समोर येतं. क्रमांक सांगताना कुणी गुळमुळीत बोलू लागलं तर फॉर्म परत दे. एमएमआरचा रिपोर्ट मात्र सोबत असू दे. बाबा त्या अभ्यासात बसतात की नाही, हेही त्यावर ठरू शकतं.

कौल जरूर घ्या. माझ्या सासरी अजून बोअरवेल खणायलासुद्धा घेतात, मी कोण नको म्हणणार? फक्त प्रश्न नीट घाला. 'उपचार करू की नको' असा प्रश्न देवापुढे टाकू नका. 'गोव्यात करू की मुंबईत' असा टाका. उजवी पडो की डावी, बाबांचं भलंच होईल. आणि त्यासाठी अमावास्येनंतर, पुनवेनंतर करत शेकाची तारीख घालवू नका.

गुळवेल बंद करा, आजपासून. करोनाच्या काळात घरोघर गुळवेल प्यायली गेली आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, तो वाद आपण त्यांच्यावर सोडू. पण किमोचे दिवस लिव्हरच्या रिपोर्टवर चालतात. रिपोर्ट बिघडला तर डोस पुढे ढकलतात आणि मग बिघाड किमोनं झाला की रसानं, हे कळायला मार्ग राहत नाही. पूड, रस, काढा, जे काही चाललंय ते डॉक्टरांना सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका. रागावले तर दोन मिनिटं रागावतील.

किमोत ऑक्झालिप्लॅटिन असेल तर घरातल्या सगळ्यांना बजावून ठेव: सलाईननंतर काही दिवस बाबांना फ्रीजमधलं काही नको. थंड स्टीलचा तांब्या धरला तरी बोटांत मुंग्या येतात, गार पाण्याच्या घोटानं घशात कुणीतरी चिमटा काढल्यासारखं होतं. माणूस घाबरतो, त्याला वाटतं श्वास अडकला. सोलकढी द्यायची तर कोमट. कॅपेसिटॅबिनच्या गोळ्या असतील तर तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, खोबरेल लावत राहायचं आणि फोड दिसले की थांबून फोन करायचा. जेवण जाणार नाही तेव्हा उकड्या तांदळाची पेज आहेच, पण नुसत्या पेजेवर अंगात ताकद राहत नाही, सोबत अंडं किंवा माशाचा तुकडा हवा.

पैशांचं थोडक्यात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड सोबत ठेवा, नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते करा. गोमेकॉत न होणाऱ्या उपचारांसाठी राज्य सरकारची मेडिक्लेम योजना आहे, तिचे कागद मुंबईला जाण्याआधी इथंच हलवावे लागतात. परत येऊन नाही.

आता तुझ्याबद्दल. तू विचारलं नाहीस, पण मुलीसारखं सांगा म्हणालीस. बाबांच्या गाठीत दुरुस्ती बिघडलेली निघाली तर त्यांची रक्ताची जनुक तपासणी होईल. त्यात लिंच ठरला तर तुला आणि भावंडांना तो असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. असेल तर दुर्बिणीची तपासणी दर वर्षा-दोन वर्षांनी, आत्तापासूनच, आणि तुझ्या बाबतीत गर्भाशयाकडेही लक्ष. आत्याच्या मुलांनाही कळवावं लागेल. ते अवघड बोलणं आहे, काकांवर ढकलू नकोस. काहीच निघालं नाही तरी वडिलांना हा आजार झालाय म्हणून चाळिशीत एकदा दुर्बीण करून घे. आतड्यातल्या साध्या मोडापासून (पॉलिपपासून, मूळव्याधीच्या नव्हे) कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, मोड तेव्हाच दुर्बिणीतून काढता येतो, दुखतही नाही.

ती मूळव्याधीची पूड देणाऱ्याला शिव्या घालत बसू नका. मी डॉक्टर असून हेच केलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षांत कदंब बसचे एक ड्रायव्हर आले होते. शौचाला रक्त, बसून बसून कामाचं. ओपीडीत गर्दी होती, मी बोट घालून तपासलं नाही, मलम लिहून दिलं. आठ महिन्यांनी ते परत आले तेव्हा बोटभर अंतरावर दगडासारखी गाठ लागली. तेव्हापासून पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही रक्त जातं म्हटलं की मूळव्याध डोळ्यांनी दिसत असली तरी मी दुर्बिणीला पाठवते. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच घरात नांदू शकतात.

बाबा बोलत नाहीत म्हणतेस. तुझ्या पत्रात आई काय म्हणते, काका काय म्हणतात, दुबईचा भाऊ काय म्हणतो, सगळं आहे. बाबांना कुणी काही विचारलंय असं त्यात कुठं दिसलं नाही. ट्रकवर आयुष्य काढलेला माणूस, त्याला रस्ता कळला की तो निमूट चालवतो; कळला नाही तर गप्प बसतो. संध्याकाळी सगळे जेवायला बसण्याआधी, दोघंच असताना, फॉर्म त्यांच्या हातात दे. पिशवीची लाज वाटते का, हेही विचार. पुष्कळ पुरुषांना मरणापेक्षा तिची जास्त वाटते आणि ते कधी बोलून दाखवत नाहीत. सही शेवटी त्यांचीच लागणार आहे.

ब्लॉक आणायला गेलीस की स्लाइडही मागून घे, पावती जपून ठेव. आणि ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस, मेणाचा असतो, उन्हात मऊ होतो. पर्समध्ये कागदात गुंडाळून आण. रिपोर्ट आला की मला त्याच पत्त्यावर लिही. आत्याची फाईल सापडली तर तिच्यात काय लिहिलंय तेही.